गळती वेगळी, माघार वेगळी: कपाळावरची केसांची कड मागे का जाते?

त्वचावैद्य (धागाकर्ता)

कपाळ मोठं दिसायला लागलं की पहिला प्रश्न येतो, 'काय लावू?' त्याच्या आधीचा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही: कड सरकतेय ती कशामुळे? याची निदान अर्धा डझन उत्तरं आहेत आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. काहींत नुसतं थांबणं पुरतं. एका प्रकारात मात्र थांबलात तर केस कायमचे गेले. म्हणून हा धागा उपायांचा कमी, ओळख पटवण्याचा जास्त.

आधी एक गल्लत दूर करू. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि त्यातले ८५ ते ९० टक्के कुठल्याही क्षणी वाढीच्या टप्प्यात असतात. एक केस २ ते ६ वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याचं मूळ आक्रसतं, मग सुमारे तीन महिने तो नुसता अडकून राहतो आणि शेवटी गळतो. या हिशेबाने रोज ५० ते १०० केस जाणं हा नेहमीचा कारभार आहे. गळती म्हणजे हा आकडा एकदम वाढणं. माघार म्हणजे गळलेल्या केसाच्या जागी येणारा केस आधीपेक्षा बारीक आणि आखूड येणं. दर फेरीत वाढीचा काळ कमी होत जातो आणि जाड केसाची शेवटी लव होते, जी नजरेत भरतच नाही. त्यामुळे कंगव्यात काही जास्त न येताही टक्कल पडू शकतं, आणि उलट मूठमूठ केस जाऊनही कड जागची हलत नाही.

पुरुषांत माघारीचं सर्वांत नेहमीचं कारण अनुवंशिक टक्कल. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचं डीएचटी नावाच्या जास्त जोरकस हार्मोनात रूपांतर होतं, ते काम ५-अल्फा रिडक्टेज हे विकर करतं. टक्कल पडणाऱ्याच्या रक्तात डीएचटी उतू जात असतं असं मुळीच नाही. कपाळाचे कोपरे आणि टाळू इथली केसमुळं त्याला जास्त संवेदनशील असतात, मागची आणि कानांवरची नसतात, एवढाच फरक. जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवलं की वयात येण्यापूर्वी वृषण काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. पण टेस्टोस्टेरॉन दिलं तर ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांना ते पडू लागतं. म्हणजे हार्मोन आणि वारसा दोन्ही लागतात. बाकी कारणं प्रतिसादांत येऊ द्या, एकेक घेऊ.

शंकासुर

विशीत कड थोडी वर जातेच, असं म्हणतात. मग ती कुठवर गेली की टक्कल समजायचं? आणि कुठवर 'वय झालं' म्हणून सोडून द्यायचं?

आकडेमोड

@शंकासुर, मोजता येतं. भुवया जोरात वर उचला. कपाळावर पडणाऱ्या आठ्यांतली सर्वांत वरची आठी ही खूणगाठ. लहान मुलांची कड या आठीच्या जवळपास, गोलसर असते. साधारण १७ ते तिशीच्या दरम्यान ती बहुतेक पुरुषांत एक ते दीड सेंटिमीटर, म्हणजे बोटाच्या एका रुंदीएवढी वर जाते आणि थांबते. हे वयात येणं आहे, आजार नाही.

शंका कधी घ्यायची? मध्यापेक्षा कोपरे बरेच जास्त खोल गेले, आणि कडेवर जाड, मध्यम, बारीक असे सरमिसळ केस दिसले, की. निरोगी कडेवरही थोडी लव असते, पण तिच्या लगेच मागे जाड केसांची फळी उभी असते. माघार घेणाऱ्या कडेत ती फळीच विरळ होते आणि लवेचा पट्टा रुंद होतो.

पुरुषांच्या टकलाच्या पायऱ्या नॉरवुड यांनी १९७५ मध्ये मांडल्या, त्यांत याचंही माप आहे. एका कानाच्या छिद्रापासून दुसऱ्यापर्यंत डोक्यावरून सरळ रेघ कल्पा. कोपऱ्याचं टोक या रेघेच्या २ सेंटिमीटर पुढेच थांबलं असेल तर दुसरी पायरी. त्याहून मागे शिरलं तर तिसरी, आणि टक्कल म्हणायला सुरुवात तिथून.

पण एका दिवसाच्या मापाला अर्थ नाही. फोटो काढा: केस कोरडे, मागे विंचरलेले, तोच दिवा, तेच अंतर, हनुवटी त्याच पातळीला. समोरून एक, दोन्ही कोपऱ्यांचे दोन, टाळूचा एक. पुन्हा तीन महिन्यांनी. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. दर आठवड्याला फोटो काढून फक्त झोप जाईल. ओल्या केसांचा फोटो कोरड्याशी कधीच ताडू नका, ओले केस चिकटून निम्मे दिसतात.

कात्री-कंगवा

माझं क्षेत्र ओढाताणीचं. घट्ट पोनीटेल, ताणून घातलेला अंबाडा, डोक्यालगत विणलेल्या बारीक वेण्या, जोडकेस, किंवा रोज एकाच जागी आवळून बांधलेलं वस्त्र यांनी कडेचे केस मुळापासून सतत ओढले जातात. मुळाभोवती आधी सूज येते, मग केस बारीक होतो, मग मूळच वणात बुजतं. पहिल्या दोन टप्प्यांत केस परत येतात, तिसऱ्यात येत नाहीत.

ओळखायच्या खुणा: विरळपणा जिथे ताण तिथेच, बहुतेकदा कानशिलांवर आणि कानांच्या पुढे. कडेवर आखूड केसांची झालर शिल्लक राहते, कारण ते बांधणीत सापडतच नाहीत. ही झालर दिसली तर ओढाताणीचा संशय पक्का धरायला हरकत नाही. बांधल्यावर डोकं ठणकणं, मुळाशी बारीक पुटकुळ्या, ताणल्याने कातडीचे तंबूसारखे उंचवटे दिसणं, हे सगळे 'आत्ता सोडा' असं सांगणारे इशारे. केस बांधल्यावर भुवया वर ओढल्यासारख्या वाटल्या तर बांधणी नक्की घट्ट आहे.

करायचं काय: बांधणीची जागा रोज बदलायची, रात्री केस मोकळे किंवा सैल ठेवायचे, रबराऐवजी कापडी बंद, आणि वेण्या सलग ६ ते ८ आठवड्यांवर ठेवायच्या नाहीत. रसायनाने सरळ केलेल्या केसांवर घट्ट वेण्या हा सर्वांत वाईट जोड, कारण केस आधीच कमजोर झालेला असतो. ताण थांबवल्यावर फरक कळायला तीन ते सहा महिने जातात. इतक्यात काहीच उगवलं नाही तर मुळं बुजली का, हे तज्ज्ञाने बघायला हवं.

अवांतर: कानशिलावर लहानपणापासून असलेला त्रिकोणी किंवा भाल्याच्या पात्यासारखा विरळ डाग हा वेगळा प्रकार. तो बहुधा दोन ते सहा वर्षांच्या वयात लक्षात येतो, वाढत नाही आणि ओढाताणीशी त्याचा संबंध नाही. चाई समजून त्याच्यावर वर्षानुवर्षं मलमं चोळली जातात.

औषधवाली

एकदम होणाऱ्या गळतीबद्दल लिहिते, कारण कड मागे गेल्याचा भास सर्वांत जास्त तिच्यामुळे होतो. शरीराला धक्का बसला की वाढीतले बरेच केस एकदम विश्रांतीच्या टप्प्यात जातात, आणि तो टप्पा तीन महिन्यांचा असल्याने ते गळतात दोन ते तीन महिन्यांनी. म्हणून कारण शोधताना गेला आठवडा नाही, गेला हंगाम आठवायचा: मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण, झपाट्याने वजन उतरवणं, सुरू केलेलं किंवा बंद केलेलं औषध. या दोन-तीन महिन्यांच्या अंतरामुळेच माणसं नेहमी चुकीच्या गोष्टीवर आळ घेतात. शाम्पू परवा बदलला असतो, ताप येऊन गेलेला असतो तीन महिन्यांपूर्वी.

ही गळती सगळ्या डोक्यावर सारखी असते, पण कानशिलांवर केस आधीच कमी असल्याने तिथे ती डोळ्यांत भरते. बाळंतपणानंतरची गळती साधारण चौथ्या महिन्यात शिगेला पोचते आणि बहुतेकींची वर्षाच्या आत भरून निघते. कडेवर उभे राहणारे आखूड, टोकदार केस दिसू लागले की समजा, नवी फेरी सुरू झाली.

गळतीला कारण ठरणारी औषधं: रक्त पातळ ठेवणारी हेपारिन आणि वॉरफरिन, अपस्मारावरचं व्हॅल्प्रोएट, मनोविकारावरचं लिथियम, रक्तदाबावरची काही बीटा-ब्लॉकर, मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन, जीवनसत्त्व 'अ'चा अतिरेक. यांतलं एकही मनाने बंद करायचं नाही, डॉक्टरांशी बोलूनच. स्नायू फुगवायला घेतात त्या ॲनाबॉलिक स्टेरॉइडची गोष्ट वेगळी. त्यांनी गळती नाही, वारशातली माघार वेगाने वाढते.

तिरकस

थोडी झाडझूड करतो.

टोपी किंवा हेल्मेटने टक्कल पडत नाही. केसाचं मूळ हवेतून श्वास घेत नाही, त्याला प्राणवायू रक्तातून मिळतो.

रोज धुतल्याने केस संपत नाहीत. चार दिवसांनी धुतलं की चार दिवसांचे सुटलेले केस एकदम येतात, हिशेब तोच राहतो.

भादरल्याने केस दाट होत नाहीत. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून ते राठ वाटतं, इतकंच.

'आईच्या वडिलांकडे बघा' हे अर्धवट खरं. पुरुषी हार्मोन पेशीत ज्याला जाऊन चिकटतात त्या अँड्रोजन रिसेप्टरचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे आणि पुरुषाला ते आईकडूनच मिळतं, पण टकलाशी निगडित बाकीची कितीतरी जनुकं इतर गुणसूत्रांवर आहेत. वडील टकले आणि आजोबा दाट केसांचे, तरी सुटका नाही.

आणि तेल. केसाची दांडी तुटू नये म्हणून तेलाचा उपयोग आहे, मुळाच्या लव होण्यावर नाही. कोंडा असेल तर तेलाने तो वाढूही शकतो.

सूक्ष्मदर्शी

धागाकर्त्याने ज्याचा नुसता उल्लेख केला, 'थांबलात तर केस कायमचे गेले', तो प्रकार सविस्तर मांडायला हवा, कारण तो सर्रास निसटतो.

स्त्रियांच्या अनुवंशिक विरळपणात पुढची कड बहुधा टिकते आणि भांग रुंद होत जातो. लुडविग यांच्या १९७७ च्या वर्गीकरणाचा पायाच तो आहे. त्यामुळे स्त्रीची कडच मागे सरकत असेल तर 'घराण्यात आहे' म्हणून सोडायचं नाही. आधी ओढाताण तपासा. ती नसेल तर फ्रंटल फायब्रोझिंग ॲलोपेशियाचा विचार करा. हा प्रकार स्टीव्हन कोसार्ड यांनी १९९४ मध्ये रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत पहिल्यांदा वर्णन केला. तरुण स्त्रियांत आणि क्वचित पुरुषांतही तो दिसतो. प्रतिकारशक्ती केसमुळावर हल्ला करते आणि मूळ वणात बुजतं. मूळ बुजलं की औषधाला धरायला जागाच उरत नाही.

खुणा:

भुवया विरळ होणं. पुष्कळदा हे कडेच्या आधी सुरू होतं, आणि वय झालं म्हणून पेन्सिलीने भरून टाकलं जातं.

नव्याने उघड्या पडलेल्या पट्ट्यातली कातडी गुळगुळीत, थोडी फिकी आणि छिद्रांशिवाय. बाकीचं कपाळ उन्हाने रापलेलं असेल तर जुनी कड कुठे होती ते रंगावरून कळतं.

त्या पट्ट्यात मागे राहिलेला एखाददुसरा लांब, एकटा केस.

उरलेल्या कडेच्या केसांभोवती लालसर कडं आणि बारीक खपली, कधी खाज किंवा जळजळ.

अनुवंशिक टकलात उलट चित्र असतं: कातडीवर छिद्रं दिसतात, त्यांतून लव डोकावते आणि लाली नसते. भिंगातून पाहिलं तर केसांच्या जाडीत मोठी तफावत. २० टक्क्यांहून जास्त केस बारीक झालेले असतील तर निदान त्या दिशेने झुकतं. शंका राहिली तर बायोप्सी, म्हणजे कातडीचा ४ मिलिमीटरचा गोल तुकडा काढून तपासणं. तो नमुना उघड्या, गुळगुळीत भागातून घेतला तर हाती नुसता वण येतो. घ्यायचा तो लाली असलेल्या, अजून केस असलेल्या कडेवरून.

शंकासुर

घरच्या घरी गळती चालू आहे की नाही, एवढं तरी बघता येतं का? आणि रक्ताच्या कोणत्या तपासण्या? यादी मागितली की दीड पान हातात पडतं.

त्वचावैद्य

ओढून बघण्याची चाचणी: आदल्या दिवसापासून केस न धुता, अंगठा आणि दोन बोटांत ५० ते ६० केसांची बट मुळाशी धरा आणि टोकापर्यंत हलक्या, सलग ताणाने सरकवा. हिसका नाही. सहा किंवा जास्त केस हातात आले तर गळती चालू आहे. पुढे, टाळूवर, बाजूला आणि मागे, चारही ठिकाणी करा. सगळीकडे येत असतील तर औषधवाली म्हणतात ती गळती. केसाच्या मुळाकडच्या टोकाला पांढरा, टाचणीच्या डोक्याएवढा गोळा असेल तर तो विश्रांतीच्या टप्प्यातून सुटलेला केस. गोळाच नसेल तर केस मुळातून सुटलेला नाही, मधूनच तुटलाय. तिथे दोष दांडीचा.

रक्ताची यादी छोटी ठेवा: हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉईडसाठी). आहार अगदीच मोजका असेल तर बी-१२ आणि 'ड'. पाळी अनियमित, हनुवटीवर जाड केस किंवा मुरुम असतील तर एकूण टेस्टोस्टेरॉन, डीएचईए-एस आणि प्रोलॅक्टिन हे हार्मोनही. फेरिटिन मिलिलिटरमागे ३० नॅनोग्रॅमच्या खाली म्हणजे लोहाचा साठा आटलेला, हिमोग्लोबिन व्यवस्थित असलं तरी. पण ताप किंवा शरीरात कुठे दाह असताना फेरिटिन उगाच वर जातं, तेव्हा आजारपणातला 'नॉर्मल' आकडा धरून बसू नका.

तिरकस

यात एक जोडतो. पुरुषाचे फक्त कोपरे खोल जात असतील, बाकी डोकं दाट असेल, तर ते लोहाच्या कमतरतेने होत नाही. कमतरता असेल तर भरा, पण कोपरे पुढे येतील अशी आशा धरून नव्हे.

औषधवाली

तपासणीच्या आधी बायोटिन (केसांच्या गोळ्यांतलं 'ब' गटातलं जीवनसत्त्व) थांबवा. प्रौढाची रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम आणि केसांच्या गोळ्यांत ५ किंवा १० मिलिग्रॅम असतं, म्हणजे शेकडो पट. एवढ्या मात्रेने थायरॉईडचे आकडे चुकतात आणि हृदयविकारात बघतात ते ट्रोपोनिन खोटं कमी येऊ शकतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने याबद्दल २०१७ मध्ये इशारा दिला होता. निदान दोन दिवस आधी बंद करा आणि प्रयोगशाळेत सांगा. खरी कमतरता विरळा, त्यामुळे बहुतेकांना बायोटिनचा केसांसाठी उपयोगही नसतो.

शंकासुर

आता निदान अनुवंशिक टक्कलच निघालं असं धरू. मग?

औषधवाली

दोन औषधांमागे भक्कम पुरावा आहे.

मिनॉक्सिडिल. मुळात रक्तदाबाची गोळी. अंगभर केस वाढतात हे दिसल्यावर लावायचं औषध झालं. पुरुषांना ५ टक्क्यांचं द्रावण दिवसातून दोनदा, दर वेळी १ मिलिलिटर, कोरड्या कातडीवर. केसांवर ओघळलं तर वाया गेलं. भांग पाडत थेंब कातडीवर टाका, बोटांनी पसरा, हात धुवा, चार तास डोकं भिजवू नका. स्त्रियांना २ टक्के दोनदा किंवा ५ टक्क्यांचा फेस एकदा. द्रावणातल्या प्रोपिलीन ग्लायकोलने खाज किंवा खपल्या येत असतील तर फेस वापरा, त्यात ते नसतं.

चुकतं कुठे? दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात गळती वाढते, कारण विश्रांतीतले केस ढकलले जाऊन नवी फेरी सुरू होते. नेमकं तेव्हाच लोक घाबरून बाटली टाकतात. निकाल चार ते सहा महिन्यांनी बघायचा. आणि बंद केलं की मिळवलेलं तीन-चार महिन्यांत परत जातं. काहींना मुळीच लागू पडत नाही, कारण केसमुळातलं सल्फोट्रान्सफरेज विकर या औषधाला कामाच्या रूपात आणतं आणि ते प्रत्येकात सारखं नसतं.

फिनास्टेराइड, रोज १ मिलिग्रॅम, केसांसाठी अमेरिकेत १९९७ मध्ये मंजूर. रक्तातलं डीएचटी सुमारे ७० टक्क्यांनी उतरतं. टाळूवर चांगलं, कोपऱ्यांत त्यामानाने कमी. मंजुरीच्या वेळच्या चाचण्यांत लैंगिक तक्रारी ३.८ टक्के पुरुषांत होत्या, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत २.१ टक्के. मन उदास राहू लागलं तर तेही डॉक्टरांना सांगा. प्रोस्टेटसाठीची पीएसए तपासणी या गोळीवर जवळपास निम्मी येते, हे तपासणाऱ्याला ठाऊक हवं. गर्भवतीने फुटलेल्या गोळीला हातही लावायचा नाही, मुलग्याच्या गर्भाच्या जननेंद्रियांत दोष येऊ शकतो.

आकडेमोड

केस उगवावेत म्हणून डोक्यावर फिरवतात त्या बारीक सुयांच्या रोलरबद्दल कुणी विचारायच्या आधी: २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १०० पुरुष होते, १.५ मिलिमीटरच्या सुया आठवड्यातून एकदा, १२ आठवडे, सोबत मिनॉक्सिडिल. नुसत्या मिनॉक्सिडिलपेक्षा निकाल स्पष्टपणे चांगला आला. पण रोलर फिरवल्यावर २४ तास औषध लावलं नव्हतं, ही ओळ पुढे पोचतच नाही. भोकं पाडलेल्या कातडीवर लगेच लावलं तर औषध रक्तात जास्त शिरतं आणि छातीत धडधड होते.

कात्री-कंगवा

रोज फिरवणारेही असतात. पोळलेल्या, खपल्या धरलेल्या कातडीत काय उगवणार?

सूक्ष्मदर्शी

प्रत्यारोपणाबद्दल एवढंच. मागचे केस पुढे लावले तरी आपला मूळ स्वभाव सोडत नाहीत, हे नॉर्मन ओरेन्ट्राइख यांनी १९५९ मध्ये मांडलं आणि सगळं तंत्र त्यावर उभं आहे. लावलेले केस दोन ते चार आठवड्यांत गळतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उगवू लागतात, पूर्ण निकालाला वर्ष लागतं. अडचण अशी की लावलेले टिकतात, त्यांच्या मागचे मूळचे केस मात्र माघार घेतच राहतात. बाविसाव्या वर्षी कड खाली आणून घेतली आणि औषध घेतलं नाही, तर तिशीनंतर पुढे केसांचं बेट आणि मागे मोकळं मैदान. आणि मी वर लिहिलेला वणांचा प्रकार चालू असताना प्रत्यारोपण केलं, तर लावलेल्या मुळांवरही तोच हल्ला होतो.

शंकासुर

शेवटचं विचारतो. रात्री मिनॉक्सिडिल लावलं तर उशीला लागतं. त्याने काही बिघडतं का?

औषधवाली

तुमचं नाही. उशीवरून गालाला लागलं तर तिथे लव वाढेल, म्हणून झोपण्याच्या निदान दोन तास आधी लावून वाळू द्या. पण घरात मांजर असेल तर गंभीरपणे घ्या. मिनॉक्सिडिल मांजरांना थोड्या मात्रेतही विषारी आहे. उशी किंवा केस चाटूनही ते पोटात जातं आणि मांजर दगावू शकतं. अभ्रा रोज बदला, मांजराला त्या उशीवर झोपू देऊ नका, सांडलेलं लगेच पुसा. चाटल्याची शंका आली तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्य गाठा.

शंकासुर

मांजर आहे. बाटली आत्ताच कपाटात गेली.